साडेतीन मीटरची टेकडी

२ फेब्रुवारी, सोमवार
आज साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर मला सांगितलं की शाळेच्या जागेचं मॉडेल वीस तारखेपर्यंत कॉम्प्युटरवर उभं करून दाखवा, तर निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांच्या मुदतवाढीचा विचार करू. नाहीतर अठ्ठावीसला निरोप समारंभ. म्हणून ही वही. रोजचं काम रोज लिहून ठेवलं की कुणाला बोट ठेवायला जागा राहत नाही.
काम तसं किरकोळ आहे. नव्या शाळेची जागा उताराची. सर्व्हेअरने ती मोजून कंटूर काढून दिलेत. म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. त्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायच्या, की जमीन आपोआप उभी राहते. मी तेहतीस वर्षं इमारतींचे नकाशे काढलेत. जमीन म्हणजे शेवटी काय, इमारतीच्या खालचा भाग.
चार दिवसांत संपवणार. कुणालाही विचारणार नाही. सुनेला तर नाहीच. ती घरी बसून हीच कामं घेते, पण तिला यातलं सगळंच सोपं वाटतं. अशा माणसाकडून शिकू नये.

३ फेब्रुवारी
सॉफ्टवेअरचं पुस्तक आणलं. पानं चारशे बारा. अनुक्रमणिका वाचली, कल्पना आली.
फाइल आत घेतली. स्क्रीन कोरी. पुन्हा घेतली. कोरी. मॉनिटर जुना झाला आहे, तसा लेखी अर्ज दिला.

४ फेब्रुवारी
रेषा सापडल्या. होत्या, पण स्क्रीनच्या पार बाहेर, मुंगीएवढ्या. एकूण सहा वेळा आत घेतल्यामुळे सहा मुंग्या, एकीवर एक. सर्व्हेअरने मोजणीचा शून्य कुठल्या कुठे धरलाय. त्याला फोन करून चांगलं सुनावलं. तो म्हणाला, बाई, सगळं जग तिथूनच मोजतं. जगाचं मला सांगू नको म्हटलं.
मॉनिटरचा अर्ज परत घेतला नाही. जुना तो आहेच.

५ फेब्रुवारी, दुपारी ४
मॉडेल तयार! तीन दिवसांत. सांगितले होते त्याहून एक दिवस कमी.

५ फेब्रुवारी, सायं. ५
मॉडेल सपाट आहे. इस्त्री फिरवल्यासारखं. उताराची जागा, आणि चेंडू ठेवला तर हलणार नाही.
पुन्हा सर्व्हेअर. तो म्हणाला, प्रत्येक रेषेशेजारी उंची लिहिली आहे की, बाई. लिहिली आहे, पण ती नुसती अक्षरं. माणूस वाचेल, कॉम्प्युटर कशाला वाचतोय? रेषेच्या पोटात उंची भरलेलीच नाही. आता दोनशे चौदा रेषांना एकेक करून मी उंची द्यायची.
रोज पन्नास. शिस्त असली की डोंगरही हलतो.

६ फेब्रुवारी
अकरा. खुर्ची नीट नव्हती.

८ फेब्रुवारी, रविवार
लॅपटॉप घरी आणला. त्रेचाळीस रेषा झाल्या. एका ठिकाणी ११२ च्या जागी ११२० पडले, तर मधोमध एक सुई उभी राहिली, ढगात गेलेली. नेमके तेव्हाच हे मागे येऊन उभे. गणिताचे मास्तर होते, निवृत्त झाले तरी चुका शोधायची खोड गेली नाही. म्हणाले, पोरांना शाळेत जायला दोर देणार की शिडी?
थोड्या वेळाने सून चहाचा कप घेऊन आली. स्क्रीनकडे बघून म्हणाली, आई, एकेक कशाला करताय, इथे एक सोय आहे. मी म्हटलं, आधी हात पुसून ये, कीबोर्डला लागेल. ती पुसायला गेली तेवढ्यात मी लॅपटॉप मिटला. परत आली, मिटलेला लॅपटॉप पाहिला, हसली, आणि भाजी निवडायला बसली. मुलगी गुणी आहे. पण लगेच दाखवून द्यायची घाई फार.

१० फेब्रुवारी
आज पुस्तक उघडलं तर ते थेट पान २८७ वरच उघडलं. मध्ये बसचं जुनं तिकीट होतं, कुणी ठेवलं कोण जाणे. त्या पानावर लिहिलंय की कंटूरवरून एक आडवी रेघ ओढायची, सुरुवातीची उंची आणि पायरी, म्हणजे दर रेषेला किती फरक, ते सांगायचं, की रेघेखाली येणाऱ्या सगळ्या रेषांना ओळीने उंच्या मिळतात.
शोधलं की सापडतं. जेवताना मुद्दाम सगळ्यांना सांगितलं की ही सोय मी स्वतः शोधून काढली. हे ताटात बघत राहिले. सूनही.

११ फेब्रुवारी
मोठा उतार एका सकाळी पुरा. सुरुवात एकशे चार, पायरी अर्ध्या मीटरची. सर्रकन वर.
सर्व्हेअरने शेजारी लिहिलेल्या आकड्यांच्या गर्दीत रेषा दिसेनात म्हणून ते सगळे पुसून टाकले. नाहीतरी उंच्या आता रेषांच्याच पोटात आहेत. स्क्रीन लख्ख.
नंतर लक्षात आलं की कोपऱ्यातली सात वेटोळी राहिलीत, एकात एक. त्यांच्यावरूनही बाहेरून आत रेघ ओढली. सॉफ्टवेअरने विचारलं, वर की खाली? जमीन वरच जाते, त्यात विचारायचं काय!

१२ फेब्रुवारी
कोपऱ्यात एक सुबक टेकडी निघाली. साडेतीन मीटर. सर्व्हेअर दोन आठवडे त्या जागेवर वावरला, पण एका शब्दाने बोलला नाही. नुसतं चालून काय होतं, बघायला नजर लागते.
टेकडी दिसताक्षणी सुचलं: पाण्याची टाकी तिथे. पाणी आपल्या वजनाने खाली वर्गांपर्यंत येईल, पंप नको, वीज नको.
ह्यांना दाखवलं. म्हणाले, जागा पाहून आलीस का? मॉडेल असताना पाय कशाला मळवायचे? ह्यांचा कॉम्प्युटरवर विश्वास नाही.

१६ फेब्रुवारी
साहेबांना दाखवलं. गोल फिरवून दाखवलं, खालून वर दाखवलं. टाकीची कल्पना त्यांना इतकी पटली की गुरुवारी शाळेच्या मुख्याध्यापिकांना जागेवर घेऊन जाऊ म्हणाले. मुदतवाढीचा कागदही टाइप करायला दिलाय, टायपिस्टने सांगितलं.
खुर्चीसाठी नवी गादी घेतली. दोन वर्षं बसायचं आहे.

१८ फेब्रुवारी
सर्व्हेअरचा फोन. टाकी कुठे ठेवली म्हणालात, बाई? ईशान्येच्या टेकडीवर, म्हटलं. त्याने दिशा पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाला, उद्या गमबूट घालून या.
माझे बूट चांगले आहेत.

१९ फेब्रुवारी
टेकडी नाही. खाण आहे. जुनी, दगड काढून सोडलेली, कमरेइतकं पाणी. त्यात दोन बदकं.
वस्तुस्थिती नोंदवते. साडेतीन मीटर हा आकडा अचूक निघाला. चूक फक्त दिशेची.
मुख्याध्यापिकांनी विचारलं, टाकी ठेवायची आहे की बुडवायची? साहेबांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत पुसला. सर्व्हेअर माझी बाजू सावरायला म्हणाला, पाणी मात्र आहे, साहेब.
उद्या मॉडेल द्यायचं आहे. पुसलेले आकडे कुठून आणू?

१९ फेब्रुवारी, रात्री
जेवणं झाल्यावर सुनेला म्हटलं, मी केलेलं एकदा डोळ्यांखालून घाल. तपासायला दुसरं माणूस असावं, ही चांगली पद्धत आहे. तिने सर्व्हेअरची मूळ फाइल मागितली. आकडे तिच्यात होतेच. सगळं मिळून अकरा मिनिटं. मी शेजारी बसून देखरेख केली. मध्ये एकदाच म्हणाली, आई, उतार मात्र तुम्ही अगदी नीट केलाय. हे दारातून म्हणाले, उतार तिला जमतोच. मी दार लावून घेतलं.

२० फेब्रुवारी
दिलं. वेळेत. साहेबांनी फाइल उघडली, खाणीत शिरले, बाहेर आले, म्हणाले, हे कुणी केलं? माझ्या मार्गदर्शनाखाली झालं म्हटलं. त्यांनी तिचा फोन नंबर मागितला.

२४ फेब्रुवारी
सून स्वयंपाकघरात आली, पदराशी चाळा करत उभी राहिली. साहेबांनी दोन वर्षांसाठी बोलावलंय म्हणाली. तुमच्या टेबलावर. तुम्हाला नको वाटत असेल, आई, तर मी कळवते, जमणार नाही म्हणून.
तिचे डोळे बघितले. तिला जायचं होतं. फार जायचं होतं.
म्हटलं, नको कशाला वाटेल, तुला तयार कुणी केलं? आणि कांदा चिरायला घेतला. डोळ्यांत पाणी कांद्याचं.

२८ फेब्रुवारी, शनिवार
निरोप समारंभ झाला. साहेब बोलले. मी नको तितकं बोलले नाही.
टेबलाचा ताबा दिला. नोंद:
कपाटाच्या किल्ल्या, दोन.
शाळेच्या जागेचं मॉडेल, खाणीसह.
सर्व्हेअरचा फोन नंबर. त्याचं ऐकावं, असं तोंडी सांगितलं.
खुर्ची, नव्या गादीसकट.
घेणार: सून. तिने एकेक वस्तू बघून सही केली, 'तपासून घेतलं' असं खाली लिहिलं. 'तपासून दिलं' असं मलाही लिहायचं होतं. फॉर्मवर तेवढी जागा नव्हती.