पाच अकरा

९ नोव्हेंबर, शनिवार
मी बोलते, फोन लिहितो. नातीनंच शिकवलं. मला वाचता येत नाही — म्हणजे माझं गुपित माझ्यापासूनही सुरक्षित!

नात हॉस्पिटलचं काम घरून करते. कागदावर हातानं लिहिलेल्या तारखा कॉम्प्युटरला चालतील अशा करायच्या — आधी साल, मग महिना, मग दिवस. म्हटलं, "सासू पुढे, सून मागे, नातसून त्याच्या मागे. आमच्याकडूनच शिकला की तो!" हसली. मग त्या तारखा बघून कॉम्प्युटर पेशंटला आपोआप बोलावणं धाडतो.

खालचा शिंपी त्याच बोलावण्याची वाट बघतोय. हृदयाची झडप बदलायचीय. धाप लागते, पण जीभ कात्रीसारखी. "आजी, वशिला लावा की नातीकडे!"

१२ नोव्हेंबर, मंगळवार
शिंपी गेला. शिवता शिवता मशीनवरच मान टाकली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
नात जेवत नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा फुटली.

"आजी, त्यांचं ऑपरेशन पाच नोव्हेंबरला होतं. कागदावर पाच अकरा. माझ्या कोडनं महिना आधी धरला. अकरा मे झाली."

म्हणजे कधीच होऊन गेलेली! कॉम्प्युटर कशाला बोलावतोय?

"दुसऱ्या एकाची पंचवीस अकरा होती, ती अडली गं, पंचवीसवा महिना नसतोच. अडलेल्या तेवढ्या मी नीट केल्या. पाच अकरा गुपचूप आत गेली."

हॉस्पिटलचे साहेब तिला म्हणाले, कुठे बोलू नकोस. मीही तेच म्हटलं — झाकली मूठ! गेलेला माणूस परत येतो का? पोर आपली आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
शिंपीण जिन्यात भेटली. "बोलावणं आलंच नाही हो आजी. आमचं नशीब!"
मी मान हलवली. काठी टेकत वर आले.

१६ नोव्हेंबर, शनिवार
नात शिंपिणीला सगळं सांगायला खाली निघाली. दारात काठी आडवी धरली मी. तिनं ती हळूच बाजूला केली.
खालून आवाज नाही. शिव्या ऐकू आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१७ नोव्हेंबर, रविवार
शिंपीण वर आली. डोळे कोरडे. नातीसमोर खुर्ची ओढून बसली.
"माझं नंतर बघू. अजून कोण कोण वाट बघतंय? लाव एकेकाला फोन. माझ्यासमोर."