आमच्या दारावरची चिठ्ठी

प्रिय सूनबाई,

पार्सल काल दुपारी मिळालं. मच्छरदाणी एक, खिडकीची जाळी तीन हात, घासायचे ब्रश दोन. आणि टपालाची तिकिटं पंचेचाळीसची! तेवढ्यात इथे आणखी दोन ब्रश आले असते, पण असो. मच्छरदाणी लगेच लावली. तुझे सासरे दिवसाही तिच्यातच असतात, कारण हा डेंग्यूचा डास दिवसाउजेडी चावतो हे तू लिहिलंस आणि डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ताप उतरून चार दिवस झाले, रक्ताचे आकडे चढताहेत, देवाची कृपा. आतच बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करतात. समोरची शिंपीण म्हणाली, काकू, काकांना दुकानाच्या काचेत मांडलंय की काय?

तुला हसू येईल, पण गेले दोन रविवार प्रार्थना आटोपली की मी ब्रश घेऊन गल्लीत निघते. कुंड्यांखालच्या ताटल्या, पिंपं, फ्रिजमागचा ट्रे, सगळं ओतायचं आणि कडा खसाखसा घासायच्या, कारण अंडी कडेलाच चिकटून राहतात. वाक्यं तुझीच, ठसकाही तुझाच. शिंपीण कुरकुरली, पाणी स्वच्छ तर आहे! म्हटलं, बाई, त्याला तसलंच आवडतं. आता मला सगळे ‘डासवाली काकू’ म्हणतात. मी सांगते, मी कसली, डासवाली माझी सून. सांगताना मान ताठ होते गं.

पण ती मान ताठ करायचा मला काय हक्क? तीन महिन्यांपूर्वी तू आरोग्यसेविका म्हणून आपली गल्ली तपासत आलीस. वाटलं, घरचंच दार, पुढे जाशील. तू चपला काढून आत आलीस आणि बॅटरी घेऊन कपाटाच्या पायांखालच्या वाट्या पाहिल्यास. मुंग्या चढू नयेत म्हणून त्यांत पाणी ठेवायचं, हे मी लग्न झाल्यापासून करत आले. त्यात अळ्या वळवळत होत्या. तू वहीत नोंद केलीस आणि इतरांसारखीच आपल्याही दारावर अळ्या सापडल्याची चिठ्ठी डकवलीस. सासूच्या दारावर! तुझी पाठ वळताच मी ती काढली, आणि वाट्या तशाच ठेवल्या.

आठवड्याने तपासनीस साहेब तुला घेऊन आले. अळ्या सापडल्या. चिठ्ठी कुठे आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चिठ्ठी लागलीच नव्हती. साहेब तुला म्हणाले, म्हणजे वहीतली नोंद मागाहूनची, घरच्यांना सांभाळून घेतलंस. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस आणि गप्प राहिलीस. तुझी ती लांबची बदली त्या गप्प राहण्यामुळे झाली, माझ्यामुळे झाली. एवढं होऊनही साहेबांनी ओतलेल्या वाट्या मी हट्टाने पुन्हा भरल्या. मग दहा-बारा दिवसांपूर्वी यांना ताप आला. घरात कुठे पाणी साचतं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला कपाटाखालच्या वाट्या आठवल्या. त्या दिवसापासून देवासमोर डोळे मिटले की तुझं ते पाहणंच दिसतं.

चिठ्ठी मी फेकली नव्हती. मागची बाजू कोरी होती, आणि कोरा कागद माझ्या हातून फेकवत नाही, तुला ठाऊक आहे. सोमवारी जुन्या याद्यांत सापडली. पुढे तारीख, वेळ, तुझी सही; मागे माझं साबण, मीठ, काड्यापेटी. ती घेऊन कचेरीत गेले आणि सगळ्यांदेखत सांगितलं की मी खोटं बोलले. साहेबांनी दोन्ही बाजू वाचल्या, चष्मा काढून ठेवला. म्हणाले, तिने तर स्वतःचं घरही सोडलं नाही. बदली रद्द करायला ते तयार आहेत. तुला यायचं असेल तर वीस तारखेच्या आत तसं लेखी हवं. फोनवर हे सगळं माझ्याच्याने बोलवलं नसतं. तुझ्या नवऱ्यालाही अजून सांगितलेलं नाही, आधी तुला. साहेबांनी नक्कल ठेवून घेतली, मूळ चिठ्ठी मी पुन्हा दारावर लावली आहे, चारी कोपऱ्यांना खळ लावून. वाट्या पालथ्या घातल्यात. मुंग्या चढतात, चढू देत. यायचं की नाही ते तू ठरव, मी काही म्हणणार नाही. फक्त उलट टपाली कळव.

तुझीच,
चिठ्ठी काढणारी सासू