मागच्या सीटवरचा हात

सर, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि काल तर तो नव्यानं उसळला. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. पडेगावच्या पुढच्या त्याच मैदानावर आता मी बिनइंजिनाचं ग्लायडर उडवायला शिकवते, तुमच्यासारखीच मागच्या सीटवर बसून. काल उतरल्यावर गंगापूरच्या माझ्या विद्यार्थिनीनं पट्टे सोडायच्या आधीच विचारलं, "मॅडम, स्टिकवर हात व्हता ना तुमचा?" मी म्हटलं, "नाही." "व्हता. मला कळतं," म्हणाली, पट्टे सोडून उतरली आणि माझ्याकडं न बघता ग्लायडर परत ओढायला लागली.

कळणारच. दोन्ही सीटसमोरच्या स्टिक, म्हणजे ग्लायडर चालवायचे दांडे, आतून जोडलेल्या. मागच्यानं बोट टेकवलं तरी पुढच्याच्या मुठीत जाणवतं. तुमच्याकडं शिकताना मलाही जाणवायचं, सर. गारखेड्याहून दर रविवारी स्कूटरवर यायचे मी. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला केबल गुंडाळणारं विंच घरघरतं, केबल ताणली जाते, चार उड्या मारून ग्लायडर सुटतं आणि समोर नुसतं आभाळ. वर पोचलं की पिवळी मूठ ओढून केबल सोडायची, मग एकदम शांत, आणि डावीकडं दौलताबादचा किल्ला. एकदा निम्म्यातच केबल तुटली. तेव्हा नाक लगेच खाली घालायचं असतं, नाहीतर वेग मरतो आणि ग्लायडर कोसळतं. मी येडी स्टिक पोटाशी धरून केबल कुठं गेली ते बघत बसले. तुम्ही मागून स्टिक पुढं रेटली म्हणून वाचलो. खाली आल्यावर म्हणालात, "केबल खालची माणसं हुडकतील. तू आधी नाक खाली घाल." आणि तुमच्या वाटचा चहा मला दिलात. ते बरोबरच होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पण त्यानंतर दोन वर्षं उतरताना मैदानाचं कुंपण जवळ आलं की माझ्या हातातली स्टिक जड व्हायची. "सर, हात आहे का?" "नाय. तूच उतरवतीयस." खोटं बोलत होता तुम्ही. माझ्यामागून आलेले एकटे उडून आले. पहिल्यांदा एकट्यानं उडणाऱ्यावर ओतायची पाण्याची बादली दरवेळी मीच भरून आणायचे. विचारलं की, "लई घाई झाली व्हय? अजून एक चक्कर मार." आणि एके दिवशी तुम्हीच गेलात. नवीन सरांनी आठ-दहा उड्डाणं बघितली, खाली उतरले आणि म्हणाले, जा. मी गेले, नीट उतरले. अंगावर बादली पडली तेव्हा मी रडले. सगळ्यांना वाटलं आनंदानं. हे तुमच्यासमोर व्हायला पाहिजे होतं, सर. इतका भरवसा नव्हता तर तोंडावर सांगायचं होतं.

काल संध्याकाळी तिची वही भरायला बसले. 'मदतीशिवाय उतरवले' एवढंच लिहायचं होतं, तीन उड्डाणांपुढं. त्याशिवाय तिला एकटीला पाठवता येत नाही. पेन तिथंच थांबलं. पोरगी हुशार आहे, तिची केबलही कधी तुटली नाही, तरी कुंपण दिसलं की माझा हात आपोआप पुढं जातो. तिन्ही वेळा गेला. म्हणजे तिला एकटीला उतरवता येतं का, हे मला आज सांगताच येत नाही. आणि मग लक्षात आलं की तुम्हालाही माझ्याबद्दल ते कधी कळलं नसणार. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही मला नापास केलंत. तुम्ही तर परीक्षाच घेतली नव्हती. याचा राग जास्तच येतो, सर, आणि आता तो निम्मा माझ्यावर येतो.

रविवारी ती येईल की नाही, माहीत नाही. हात होता, आणि चूक तुझी नाही, मीच भ्यायले, एवढी दोन वाक्यं तिला सांगायची आहेत. सकाळपासून चारदा तिचा नंबर काढला आणि फोन ठेवून दिला. तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.