बूट काढून आग विझवणारे

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला आहे.) तुमचा गुडघा आता वाकत असेल आणि मामी तुम्हाला जिना चढू देत नसतील, असं धरून चालतो. आपल्या गल्लीत बाहेरून आलेल्यांची गर्दी झाली, कोण कुठला काही कळत नाही, असं तुम्ही पत्रभर लिहिलंत. तुम्ही जिन्यावरून पडलात तेव्हा त्यांच्यातल्याच एका रंगाऱ्याने उचलून दवाखान्यात नेलं, पण मेला चपला घालूनच घरात शिरला, असंही कोपऱ्यात लिहिलंत. वाचून हसू आलं, कारण इथे परदेशात तो ‘कोण कुठला’ मीच आहे.

इथली तरुण मुलं मोठ्या शहरांत निघून गेली आणि मागे म्हातारी माणसं उरली. (म्हणूनच माझा कवळ्या बनवायचा धंदा बरा चालतो. निम्मं गाव माझ्या दातांनी हसतं.) ओस पडलेले शाळेचे वर्ग आता आमच्यासारख्यांच्या पोरांनी भरलेत. अग्निशमन केंद्राचंही तेच. तिथे पगारी माणसं नाहीत. भोंगा वाजला की गावकऱ्यांनीच हातातलं काम टाकून धावायचं, पण धावू शकणारे गावकरीच संपले आणि केंद्र बंद करायचं घाटू लागलं. तेव्हा तिथला म्हातारा कप्तान (एरवी सुतार) दारोदार हिंडला आणि मिळेल त्याला घेऊन आला. बेकरीवाला, शिंपीणबाई, एक नर्स आणि मी, चौघं चार देशांचे. काडी ओढताना डोळे मिटणारा तुमचा भाचा बंबावर चढला, मामा.

परवा केंद्र ठेवायचं की नाही ते ठरवायला वरून साहेब आले आणि नेमका तेव्हाच भोंगा वाजला. एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या स्वयंपाकघरात कढई पेटली होती आणि बाई धुरात अडकल्या होत्या. आम्ही जिवाच्या आकांताने धावलो, साहेबही मागोमाग. दारात स्वच्छ गालिचा दिसला. बेकरीवाला थांबला, वाकला आणि त्याने बूट काढले. मग शिंपीणबाईंनी, मग नर्सने. मी पाहिलं तर माझेही पाय मोकळेच. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. चौघांच्या आयांनी चार भाषांत एकच धाक घातला असणार. मागून कप्तान आला तो त्या बुटांच्या ढिगाऱ्यावर आडवा झाला.

आत मात्र काम चोख झालं. बेकरीवाल्याने कढईवर झाकण घातलं, शिंपीणबाईंनी पेटता पडदा ओढून काढला, नर्सने बाईंना बागेत आणलं. पाण्याचा पाइप माझ्याकडे होता. पाणी आलं तेव्हा पाइपचं तोंड साहेबांकडे होतं.

साहेब निथळत म्हणाले, आगीत बूट काढणाऱ्यांवर गाव सोडता येणार नाही. मला वाटलं, चार वर्षं इथे राहून कुणाच्या तरी उपयोगी पडलो होतो, तेही आता जाणार. तेवढ्यात बाई (मीच केलेल्या कवळीतून, शब्द न् शब्द स्पष्ट) म्हणाल्या, “करा बंद. पुढच्या वेळी भोंगा वाजला की तुम्ही या धावत.”

केंद्र राहिलं. कप्तानाने आमची यथेच्छ खरडपट्टी काढली आणि संध्याकाळी चौघांना घरी जेवायला बोलावलं. दारात तो थांबला, त्याने आमच्याकडे पाहिलं आणि स्वतःचे बूट काढले. त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. मला भरून आलं, मामा. या गावाचे फार उपकार आहेत माझ्यावर.

मामींना नमस्कार.

तुमचा,
बंबवाला भाचा

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण आता लिहितो. मी परत येईन म्हणून वरची खोली तुम्ही कुलूप लावून ठेवली आहे. मी येईन, पण पाहुणा म्हणून. खोली त्या रंगाऱ्याला द्या.

आणखी एक : चपलांचं मनावर घेऊ नका. तुम्ही जिन्याखाली पडला होतात. तो आमच्यासारखा दारात थांबला नाही, हे किती बरं झालं.