हजार रुपयांची पुरवणी मागणी

आई, आज ऑफिसात पुरवणी मागण्यांचं पुस्तक आलं आणि ते चाळता चाळता तुला लिहावंसं वाटलं. तू नोकरीत असतानाच गेलीस. पुढे अनुकंपेवर मला तुझ्याच शाखेत घेतलं, आता तर तुझंच टेबल माझ्याकडे आहे. सुरुवातीला या पुस्तकाची मला भीती वाटायची. मागणी क्रमांक, लेखाशीर्ष, नवीन बाब, एकेक शब्द विचारून घ्यावा लागे. आणि मग एक दिवस लक्षात आलं की हे सगळं मी आधी ऐकलेलं आहे, आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, तुझ्याच तोंडून.

तेव्हा मी अकरावीत होते. तू साहेबांबरोबर सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेच्या तपासणीला गेली होतीस. इतकी वर्षं त्या शाळेची फाइल तुझ्याकडे होती, पण शाळा तू पहिल्यांदाच पाहत होतीस. संध्याकाळी परत आलीस ती चपला न काढताच ओट्यापाशी येऊन उभी राहिलीस. "मोठ्या मोठ्या मुली ओढ्यावर आंघोळ करतात गं," म्हणालीस. "दोघी साडी ताणून धरतात आणि तिसरी तिच्या आड बसते. वरून रस्ता जातो. एक मला म्हणाली, बाई, पहाटे अंधारात उरकतो आम्ही, लय हिव लागतं." त्या रात्री तू नीट जेवली नाहीस.

दुसऱ्याच दिवशी तू न्हाणीघराचा प्रस्ताव लिहायला घेतलास. पण अर्थसंकल्प मार्चमध्येच मंजूर झालेला, त्यात या कामाचं नावही नव्हतं. साहेब वाईट नव्हते, त्यांच्याही मनाला ते दृश्य लागलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, दुरुस्तीच्या खात्यात पैसे पडून आहेत. दुरुस्ती म्हणून दाखवा, दोन महिन्यांत बांधून टाकू." आणि तू म्हणालीस, "साहेब, जे मुळात नाहीच, त्याची दुरुस्ती कशी दाखवायची?" हे तू घरी येऊन सांगितलंस तेव्हा मला तुझा रागच आला. तुझं म्हणणं होतं की काम नवं आहे, तेव्हा पैसे हाताशी असले तरी विधिमंडळाला विचारावंच लागेल. पुढच्या अधिवेशनात, अर्थसंकल्पात नसलेलं काम म्हणून, पुरवणी मागणी जाईल, तीही नाममात्र, हजार रुपयांची.

"हजार रुपयांत न्हाणीघर होतं?" मी विचारलं.

"हजार रुपये मागायचेच नसतात. परवानगी मागायची असते. ती मिळाली की पडून असलेला पैसा इकडे वळवता येतो."

"आणि तोवर? तुझ्या नियमापायी त्या मुली हिवाळाभर ओढ्यावर जाणार."

तू चपाती लाटत होतीस. लाटणं थांबलं. मला वाटलं, आता ओरडशील. पण तू हळूच म्हणालीस, "जाणार. मला काय ते कळत नाही?" मग लाटणं पुन्हा फिरवत, "दुरुस्ती दाखवून बांधायला घेतलं आणि लेखापरीक्षणात अडकलं तर अर्ध्या भिंती तशाच राहतील. मग तिकडे कोणी फिरकणार नाही. आणि पैसा काय साहेबांच्या घरचा आहे? त्या मुलींच्या आईबापांनीसुद्धा मत देऊन माणूस पाठवलाय विधिमंडळात. त्यांचं काम चोरून कशाला करायचं? सगळ्यांसमोर मंजूर होऊ दे."

मी तुझ्या हातातलं लाटणं घेतलं. पटलं म्हणून नव्हे, तुझा आवाज कापत होता म्हणून.

पावसाळी अधिवेशन हुकलं. मुंबईहून फाइल परत आली, तिच्यावर वित्त विभागाचा एकच प्रश्न होता: अर्थसंकल्पाच्या वेळी ही गरज लक्षात का आली नाही? अशा प्रश्नांना द्यायची ठरलेली उत्तरं असतात, आज मलाही ती पाठ आहेत. तातडीची निकड, अपरिहार्य कारण, वगैरे. तू लिहिलंस, "शाळेची प्रत्यक्ष पाहणी यापूर्वी करण्यात आलेली नव्हती." साहेबांनी ते वाचून फाइल ढकलून दिली. "म्हणजे आपणच आपल्या तोंडाने सांगायचं, की आम्ही कधी गेलोच नाही?" तू म्हणालीस, "नाही गेलो, साहेब. मीही नाही गेले. माझी सही खाली आहेच, तुमची वर करा." दोन दिवस फाइल त्यांच्या टेबलावर पडून राहिली. बदलीची ऑर्डर निघेल अशी तुला धास्ती होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. खाडाखोड न करता.

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात ती मागणी आली. कुठल्याशा प्रश्नावरून सभागृहात गोंधळ चालला होता, सदस्य घोषणा देत पुढे आले होते आणि त्या गदारोळातच सगळ्या मागण्या एकामागून एक मताला टाकल्या गेल्या. चर्चा झालीच नाही. मग खर्चाला परवानगी देणारं विनियोजन विधेयक संमत झालं, त्यावर राज्यपालांची सही झाली, आणि त्यानंतर कुठे आपल्या ऑफिसला पत्र आलं. मी म्हटलं, "बघ, कोणी ऐकलंसुद्धा नाही." तू हसलीस. "ऐकलं नाही हे वाईटच. पण पुस्तकात छापलंय ना? ज्याला वाचायचं त्याने वाचावं. आता ते कोणाला पुसता येत नाही."

पुढच्या वर्षी न्हाणीघर उभं राहिलं. उद्घाटनाचं बोलावणं तुला नव्हतं. एका रविवारी तू मला घेऊन सीबीएस बसस्थानकावरून एसटीने सुरगाण्याला गेलीस, पुढे जीप. तो दिवस मी अजून बघतेय. नवी कोरी, अजून ओल्या सिमेंटचा वास असलेली ती बुटकी इमारत. एक मुलगी आत जाते, कडी लावते, काढते, पुन्हा लावते आणि आतून खिदळते. बाहेरच्या मुली ओरडतात, "आता माझा नंबर!" मी तुझ्याकडे पाहते, तर तू तिथे नसतेसच. तू मागच्या बाजूला वाकून पाणी नीट वाहून जातंय का ते बघत असतेस. त्या क्षणी मला तुझा इतका अभिमान वाटला की तो बोलून दाखवायची लाज वाटली. परतीच्या जीपमध्ये मी तुझ्या खांद्यावर झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले. स्वयंपाकघरात जे बोलले होते ते परत घ्यायचं होतं, तेही तसंच राहिलं.

गेल्या महिन्यात आमच्या साहेबांनी मला असंच एक काम दुरुस्तीत बसवायला सांगितलं. मी म्हटलं, "ही नवीन बाब आहे, सभागृहाची मान्यता लागेल," आणि नियमावलीतला परिच्छेद क्रमांकही ठणकावून सांगितला. त्यांनी फाइल परत माझ्याकडे सरकवली. प्रस्ताव आता रीतसर पुरवणीत जाईल. शाखेतल्या बायका म्हणाल्या, अगदी आईवर गेलीस.

तुला म्हणून सांगते. तो क्रमांक मला आठवत नव्हता. तोंडाला येईल तो ठोकून दिला, आणि मग जिन्यात उभी राहून नियमावलीत खरा शोधला. वेगळाच निघाला. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.