यहूदा कसा मेला

पप्पा, गेल्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि बायबलमध्ये परस्परविरोधी गोष्टी आहेत असं म्हणाले. मला बोलावलं होतं ते नेमकं उलट सांगण्यासाठी. आज बुधवार. शाळेतून लवकर घरी आलेय, साडेतीन वाजलेत. फोन वाजला की दचकते. शनिवारी चर्चच्या पंचांची मीटिंग आहे. संडे स्कूलचा वर्ग माझ्याकडे ठेवायचा की काढून घ्यायचा हे तिथे ठरेल. अठरा वर्षं घेतेय मी तो. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत कधी लिहावंसं वाटलं नाही. आता लिहितेय ते घाबरले आहे म्हणून.

झालं असं की आमचे नवे पाळक तरुण आहेत. तरुण संघातली मुलं मोबाईलवर काय काय बघतात आणि आपसात कुजबुजतात, त्यापेक्षा समोरासमोर बोलूया म्हणून त्यांनी बायबलमध्ये परस्परविरोधी गोष्टी आहेत की नाहीत यावर वादविवाद ठेवला. "ताई, तुमच्या पप्पांचे संदेश लोकांना अजून आठवतात," ते मला म्हणाले, "तुम्ही 'नाहीत' या बाजूने बोललात तर जुनी माणसंही बसतील." मी हो म्हणून मोकळी झाले. 'आहेत' या बाजूने मात्र कोणी नाव देईना. शेवटी एकच नाव आलं, माझ्या मुलीचं, तुमच्या नातीचं. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. वीस वर्षांची आहे, वकिली शिकते, गायनमंडळात गाते, आणि एखादी गोष्ट पटली नाही की हनुवटी वर करून बघते. तुमच्यासारखीच.

मी तेरा वर्षांची असतानाचा तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही. पनवेलच्या त्या दोन खोल्यांत आपण राहत होतो. तुम्ही तळोज्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला आहात, शर्टाला अमोनियाचा वास आहे, आई ओट्यापाशी बोंबील धुतेय. जिल्ह्याच्या बायबल परीक्षेसाठी मी दोन महिने पाठांतर करत होते आणि त्या दिवशी मला येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दल एक गोष्ट सापडली होती, बायबलच्या दोन पुस्तकांत दोन तऱ्हेने सांगितलेली. मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल. मी म्हणाले, "पप्पा, मत्तयात यहूदाने गळफास घेतला, आणि प्रेषितांच्या कृत्यांत तो पालथा पडला नि त्याचं पोट फुटलं. मग नक्की कसा मेला?" तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "आधी फास घेतला, मग दोरी तुटली नि खाली पडला." मी म्हणाले, "पण दोरी तुटली असं कुठे लिहिलंय?" आईचे हात थांबले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "ज्याला शास्त्रात खोट काढायची आहे त्याने शास्त्राची परीक्षा देऊ नये," म्हणालात, आणि माझं नाव काढून घेतलंत. चर्चमध्ये संदेश तुम्ही द्यायचात, वाचनाच्या पाळ्याही तुम्हीच ठरवायचात; शास्त्रभाग वाचायची माझी पाळी असायची, तीही वर्षभर दुसऱ्या मुलीला दिलीत. लोक कारण विचारायचे. आई सांगायची, घसा बसलाय तिचा. त्या वर्षी मी एक शिकले, की प्रश्न पडला तरी तो चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. अजून जमतं मला ते.

मग मी एकोणीस वर्षांची असताना तुमच्या कारखान्यात अमोनियाची गळती झाली. तुमच्यातला एक जण दवाखान्यात होता, डोळे राहतात की जातात कळत नव्हतं, आणि चूक त्याची की यंत्राची हे चौकशीत ठरणार होतं. साक्षीदार दोनच, तुम्ही आणि तळोज्याजवळच्या गावातले ते आगरी काका, ज्यांच्याबरोबर तुम्ही दहा वर्षं एकाच पाळीत होता. तुम्ही सांगितलंत की आधी भोंगा झाला, मग वास आला. काकांनी सांगितलं की आधी वास आला, भोंगा नंतर. साहेब म्हणाला, तुमच्या दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, मी कोणाचंच धरत नाही; म्हणजे दोष त्या दवाखान्यातल्या माणसावरच जाणार होता. तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी काका घरी आले. मी चहा घेऊन दारात उभी आहे. काका म्हणतात, "दादा, आपुन कोनी खोटं बोललो नाय. तुमी वर होते, मी खाली. मना वास आदी आयला, तुमाला भोंगा आदी आयकू आयला. यान खोटं काय हाय?" तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत. मग तुमची नजर माझ्याकडे आली, आणि मला शपथेवर सांगता येईल की आपल्या दोघांच्याही मनात त्या वेळी यहूदाच होता. तुम्ही कागद मागितलात, त्यावर जिना काढलात, टाकी काढलीत, कोण कुठे उभं होतं ते दाखवलंत, आणि दोघं मिळून पुन्हा साहेबाकडे गेलात. त्याने ऐकलं. त्या माणसाचा एक डोळा गेला, पण दोष त्याच्या माथी आला नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही माझ्यासमोर दोनशे पानी वही ठेवलीत. "जे जुळत नाही ते यात लिही," म्हणालात, "मला दाखवू नकोस." बस, एवढंच. मी ती भरून काढली. योसेफाचा बाप एका शुभवर्तमानात याकोब, दुसऱ्यात एली. कोंबडा एकदा आरवला की दोनदा. कबरेपाशी एक देवदूत की दोन. तुम्ही ती कधी उघडली नाहीत. मीही कधी विषय काढला नाही, आणि पुढे लग्न झालं, सुकापूरला घर घेतलं, तेव्हा वही इतर सामानाबरोबर माळ्यावर गेली.

वादविवादाच्या तीन आठवडे आधी ती तुमच्या नातीला सापडली. माझ्यासमोर धरून म्हणाली, "मम्मी, हे तुझं अक्षर आहे ना?" आणि पप्पा, मी म्हणाले, "नाही गं, कॉलेजातल्या एका मैत्रिणीची आहे, राहिली माझ्याकडे." तिने पहिल्या पानावरचं अक्षर पाहिलं, फ्रिजवर चिकटवलेली माझी वाणसामानाची यादी पाहिली, आणि "बरं" म्हणून वही घेऊन गेली. पुढचे तीन आठवडे मी धड झोपले नाही. शाळेत फळ्यावर लिहिताना हात थांबायचा, की आता पोरी हे अक्षर ओळखतील. तिला विचारायची हिंमत नव्हती की तू ती वही आणणार आहेस का. 'नाहीत' या बाजूने मी चार पानं लिहून काढली, तुमच्याच पद्धतीने. त्यात तुटलेली दोरीसुद्धा होती.

रविवारी ती वही घेऊनच उभी राहिली. सावकाश बोलली, कोणाची टिंगल केली नाही. सगळं माझ्याच क्रमाने आलं, वंशावळी, कोंबडा, देवदूत, आणि शेवटी यहूदा. "दोरी तुटली असेल, तर तसं लिहायला काय हरकत होती?" हे वाक्यही माझंच. माझ्या हातातली पानं घामाने ओली झाली होती. तेवढ्यात पंचांमधले सगळ्यात जुने काका उठले, तुम्हीच त्यांना प्रार्थना करायला शिकवलं होतं ते. "ही इंटरनेटची भाषा आहे," ते म्हणाले. "जिचा शास्त्रावर विश्वास नाही ती मुलगी गायनमंडळात कशाला? पाळकसाहेब, आजच्या आज ठरवा." पाळक म्हणाले, "काका, बसा, तिचं होऊ दे." पण मागून दोनतीन आवाज आले, बरोबर आहे, बरोबर आहे. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि वही छातीशी उलटी धरली, अक्षर कोणाला दिसू नये अशी. ती सांगणार नव्हती. मी तिच्याशी खोटं बोलले होते आणि ती ते खोटं सांभाळत उभी होती.

मग मला बसवेना. "वही माझी आहे," मी म्हणाले. "प्रश्नही माझे आहेत. एकोणीस वर्षांची होते तेव्हा लिहिलेत." काकांनी विचारलं, "म्हणजे ताई, तुमचाही विश्वास नाही?" मी म्हणाले, "आहे. पण फरकही आहेत. नाहीत असं सांगायला चार पानं आणली होती, ती माझ्याच्याने वाचवत नाहीत." खुर्चीची पाठ धरून मी भोंग्याची नि वासाची गोष्ट सांगितली, वर कोण होतं आणि खाली कोण होतं ते. काका अजून उभेच होते. तेव्हा मी म्हणाले, "ही वही मला पप्पांनी दिली होती. म्हणाले होते, प्रश्न विचारणं हीसुद्धा उपासनाच आहे." काकांनी विचारलं, "ते असं म्हणाले?" मी म्हणाले, "हो." ते खाली बसले. मुलीचं गायनमंडळ वाचलं. वर्गाचं शनिवारवर गेलं.

पप्पा, तुम्ही असं काही म्हणाला नव्हता. सोमवारी काकांचा फोन आला. "ताई, काळजी करू नका, शनिवारी मी तुमच्या बाजूने बोलणार आहे. तुमच्या पप्पांचं ते वाक्यच सांगतो." मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. काल संध्याकाळी कणीक मळताना तुमच्या नातीने विचारलं, "आजोबा खरंच असं म्हणाले होते?" तिला खरं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, आणि पुन्हा हो म्हणाले. ती इतकी खूश झाली, पप्पा. न पाहिलेला आजोबा तिला एकदम आवडायला लागला.

सकाळी वाटलं होतं की हे सगळं कबरस्तानात येऊन तुम्हाला वाचून दाखवावं. येणार नाही. ही पत्राची पानं माझ्या शाळेच्या पर्समध्येच राहतील. शनिवारच्या आत काकांना खरं सांगायला हवं हे मला कळतं. आज दोनदा त्यांचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. भीती तर आहेच, पण दुसरंही एक आहे. कालपासून ते वाक्य मला तुमच्या आवाजात ऐकू यायला लागलंय, हळू, थोडं खाकरून म्हटलेलं, आणि ते थांबावं असं मला वाटत नाही.