व्हॉल्व्ह गप्प झाला

सोमवार, ३ नोव्हेंबर

गेली! फुसफुस गेली! टेस्ट बेंचवर पूर्ण प्रेशर दिलं, कान जवळ नेला — नुसती पंपाची घरघर. शीळफाट्याच्या पार्टीच्या, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकाच्या, हायड्रॉलिक प्रेससाठी हा व्हॉल्व्ह. जुन्यात तेल अरुंद फटीतून सुसाट जायचं, प्रेशर एकदम पडायचं, बुडबुडे व्हायचे आणि फुसफुसत फुटताना धातूच खायचे. वर तेल तापायचं, तेवढी वीज फुकट जायची. मी फटीचा आकार बदलला. आमचे मालक केदार सर फोनवर — "मृणाल, कमाल! वीस तारखेला पार्टीला व्हॉल्व्ह बघायला बोलावतो."

रुचिता, माझी ज्युनियर, काही बोलली नाही. दमली असेल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सोमवारपासून चालवलेला व्हॉल्व्ह उघडला. आत खड्डे! ताजे, रव्याएवढे. तेलात कचरा असेल? फिल्टर बघितला — स्वच्छ. मग कसं?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

रुचिताला विचारलं, काय चुकलं असेल? बराच वेळ एकच नट पुसत राहिली. मग — "मॅडम, आवाज होता ना. सोमवारीपण होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या खूश... वाटलं मलाच भास होतोय."

बेंच परत चालू केला. "आता येतोय?"

"हो मॅडम. मोठा आहे."

मला काही नाही. काहीच नाही!

शनिवार, ८ नोव्हेंबर

ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे. बारीक, वरच्या पट्टीचे आवाज दोन्ही कानांतून गेलेत. परत येणार नाहीत. "मशीनजवळ कानात बोळे घालत नाही का?" काय सांगू? बोळे घातले तर फुसफुस ऐकायची कशी!

परतताना गाडी प्रफुल्ल चालवत होता. बाळकुमच्या सिग्नलला म्हणाला, "वॉशिंग मशीन पीं पीं करत राहायचं, तू उठायचीच नाहीस. मला वाटायचं, मुद्दाम करते." आणि नवरा माझा रडायलाच लागला. सिग्नल सुटला तरी गाडी हलेना. मागून हॉर्न — ते मात्र सगळे ऐकू आले.

सोमवार, १० नोव्हेंबर

केदार सरांना सांगून टाकलं. "व्हॉल्व्ह सुधार. पण कानांचं पार्टीसमोर काढू नकोस, प्लीज." मी म्हटलं, बेंचवर काम करणाऱ्या सगळ्यांचे कान तपासा.

"वीस तारीख जाऊ दे आधी."

"नाही सर. आत्ताच."

माझा आवाज चढला असेल, बाहेरचे वळून बघत होते. हो म्हणाले शेवटी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

झोप नाही. जेवण नाही. प्रफुल्लशी उगाच भांडले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

नवीन डिझाइन — प्रेशर एकदम न पाडता दोन टप्प्यांत, आतले कोपरे गोलसर. रुचिता बेंचवर वाकून ऐकत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत.

"गेला, मॅडम. खरंच गेला."

या वेळी नाचले नाही. दिवसभर चालवला, उघडला. बोट फिरवलं — गुळगुळीत! तेलही जेमतेम कोमट. रुचिताला घट्ट धरलं. दोघी तेलाने माखलेल्या.

बुधवार, १९ नोव्हेंबर

रुचिताच्या कानांचा रिपोर्ट आला. तिचेही वरचे आवाज जायला लागलेत.

बेंचच्या वीज-पॅनेलला कुलूप घातलं. बेंचला बंद खोली आणि आवाज टिपायला मायक्रोफोन आल्याशिवाय इथे कोणी कान लावणार नाही. पार्टी उद्या सकाळी बेंचवर व्हॉल्व्ह बघायला येतेय. टेबलावर फोन थरथरतोय — केदार सर. थरथरू दे.